क्वेरी बदलल्यावर क्रिस्टल रिपोर्ट: एफ५, व्हेरिफाय डेटाबेस की सेट डेटासोर्स लोकेशन?

स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेली, नावाने चालवायची क्वेरी) बॅच नंबरचा एक कॉलम वाढवला. प्रोसिजर एसक्यूएल सर्व्हरवर चालवून पाहिली, कॉलम व्यवस्थित येतोय. मग त्यावर बांधलेला रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये (डेटाबेसमधून अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून एफ५, म्हणजे रिफ्रेश, दाबलं. स्टॉकचे आकडे ताजे झाले, पण फील्ड एक्सप्लोररमध्ये (रिपोर्टवर ठेवता येणाऱ्या कॉलमांची, म्हणजे फील्ड्सची, यादी) बॅच नंबरचा पत्ताच नाही. क्रिस्टल रिपोर्ट्सवर नव्याने बसलेली मुलं इथे हमखास अडकतात आणि रिपोर्ट पहिल्यापासून बांधायला घेतात. तसं करायची काहीच गरज नसते.

रिपोर्टच्या फाइलमध्ये कॉलमांची स्वतःची एक यादी साठवलेली असते: नाव, प्रकार, लांबी. एफ५ फक्त क्वेरी पुन्हा चालवतो आणि आलेला डेटा त्याच जुन्या यादीप्रमाणे मांडतो. यादीला तो हात लावत नाही. म्हणून क्वेरीत नेमकं काय बदललं, त्यावरून पुढचा रस्ता ठरवायचा.

फक्त अट बदलली असेल, एखादा जॉइन (टेबलांची जोडणी) दुरुस्त केला असेल किंवा हिशोबाचं सूत्र बदललं असेल आणि कॉलम तेच असतील, तर एफ५ पुरे. रिपोर्ट ‘सेव्ह डेटा विथ रिपोर्ट’ चालू ठेवून साठवला असेल, तर उघडल्यावर जुनेच आकडे दिसतात. ते पाहून क्वेरी चुकली असं समजू नका, आधी एफ५ दाबा.

कॉलम वाढला, गेला, त्याचं नाव किंवा प्रकार बदलला, पण सर्व्हर आणि प्रोसिजर तीच आहे, तर डेटाबेस मेनूतलं ‘व्हेरिफाय डेटाबेस’ वापरा. कॉलम नुसता वाढला असेल तर काम मिनिटभराचं: यादी नवी होते, बॅच नंबर दिसू लागतो. प्रोसिजरला नवा पॅरामीटर दिला असेल तर तोही इथेच उचलला जातो.

नाव बदललं असेल तर मात्र ‘मॅप फील्ड्स’ची खिडकी उघडते, आणि इथे घाई नको. वर डावीकडे रिपोर्टमधली जोडीदार न सापडलेली फील्ड्स, उजवीकडे डेटाबेसमधली. दोन्हीकडून एकेक निवडून ‘मॅप’ दाबलं की जोडी खाली उतरते. उजवीकडे हवं ते नाव दिसत नसेल तर ‘मॅप टाइप’ची खूण काढून बघा. ती असली की फक्त त्याच प्रकारचे कॉलम दाखवले जातात, त्यामुळे आकड्याचा कॉलम अक्षरी केला असेल तर तो तिथे येत नाही. आणि जोड्या न लावता ओके दाबलं, तर ती फील्ड्स रिपोर्टवरून काढून टाकली जातात. पान दिसायला स्वच्छ दिसतं, पण ग्राहकाच्या बिलावरून एक रकाना गायब झालेला असतो. व्हेरिफाय करण्याआधी फाइलची कॉपी ठेवाच, हे मी कळकळीने सांगतो.

सर्व्हर, डेटाबेस किंवा प्रोसिजरच बदलली असेल, म्हणजे टेस्टवरून लाइव्हवर नेताना, तर ‘सेट डेटासोर्स लोकेशन’. वर सध्याचा सोर्स, खाली नवा, दोन्ही निवडून ‘अपडेट’. सबरिपोर्ट (मुख्य रिपोर्टच्या आत बसवलेले रिपोर्ट) त्या यादीत वेगळे दिसतात, तेही एकेक करून बदला. मुख्य रिपोर्ट लाइव्हवर आणि सबरिपोर्ट टेस्टवर राहिला, तर दोन्हीकडे डेटा येतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. फक्त कॉलम वाढला असेल तर या वाटेला जाऊ नका, व्हेरिफाय पुरतं.

कॉलमचं नाव बदलणं टाळता येत असेल तर टाळा. आतलं सूत्र कितीही बदला, सिलेक्टमध्ये एलियस (कॉलमला दिलेलं नाव) जुनाच ठेवला की मॅपिंगची वेळच येत नाही. एकाच प्रोसिजरवर दहा रिपोर्ट असतील तर मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो.

रिपोर्ट प्रोसिजरऐवजी व्ह्यूवर (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली सिलेक्ट क्वेरी) असेल आणि त्या व्ह्यूत ‘सिलेक्ट *’, म्हणजे सगळे कॉलम, लिहिलं असेल, तर टेबलात वाढवलेला कॉलम व्हेरिफाय करूनही दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हर व्ह्यूची कॉलमयादी व्ह्यू बनवतानाच पक्की करून ठेवतो. तिथे आधी ती यादी ताजी करणारं ‘एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ एसक्यूएल सर्व्हरवर चालवायचं, मग क्रिस्टलमध्ये व्हेरिफाय.