वरचा पिक ठेवावा की खाली उतरावं? डायनॅस्टी लीगवाल्यांसाठी

एप्रिलमध्ये एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, उरकला की आमच्या बारा जणांच्या डायनॅस्टी लीगमध्ये मेसेज सुरू होतात. हा फँटसी खेळ आहे: खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ आम्ही वर्षानुवर्षं सांभाळतो आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळतात. ज्याच्या हातात पहिल्या तीनांतला पिक (निवडीचा क्रमांक) असेल त्याला चैन पडू देत नाहीत. प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: दोन नंबर दे, सहावा घे, वर दुसऱ्या फेरीतले दोन पिक घे. मी हे दोन्ही करून पाहिलंय. २०२३ च्या रूकी (नवख्या खेळाडूंच्या) ड्राफ्टमध्ये दुसरा पिक देऊन खाली उतरलो, आणि २०२४ मध्ये पुन्हा तोच नंबर आला तेव्हा तो धरून ठेवला. यंदा तुमची पाळी असेल तर माझं काय झालं ते वाचून मग ठरवा.

खाली उतरण्याची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करतो. एनएफएलमध्ये तिचे दाखले भरपूर सापडतात. २०१६ मध्ये टायटन्स संघाने पहिला पिक रॅम्स संघाला दिला. रॅम्सनी जॅरेड गॉफ घेतला, आणि त्या सौद्यातून आलेल्या पंचेचाळिसाव्या पिकवर टायटन्सना पुढे नावाजलेला धावपटू डेरिक हेन्री मिळाला. २०१८ मध्ये कोल्ट्स तिसऱ्यावरून सहाव्यावर उतरले. जेट्सनी तिसऱ्यावर सॅम डार्नल्ड घेतला, कोल्ट्सनी सहाव्यावर क्वेंटन नेल्सन घेतला आणि तो पहिल्याच मोसमात ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत) ठरला. शिवाय दुसऱ्या फेरीतले तीन पिक वर मिळाले, त्यातला एक पुढच्या वर्षीचा. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अर्थतज्ज्ञांनीही हाच मुद्दा अभ्यासातून मांडला होता: संघ वरच्या पिकांसाठी गरजेपेक्षा जास्त मोजतात.

पण हा हिशेब आपल्या लीगला जसाच्या तसा लागू होत नाही, असं मला वाटतं. थेलर-मॅसींच्या मांडणीचा कणा पगार आहे. वरच्या पिकचा खेळाडू महागात पडतो. २०१० मध्ये पहिल्या पिकच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी द्यावी लागली होती. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २०११ च्या करारानंतर रूकींचे पगार आवाक्यात आले, तरी वरच्याला जास्त आणि खालच्याला कमी हे कायमच आहे. आपल्या लीगमध्ये पगारच नाही. दुसऱ्या नंबरचा खेळाडू आणि विसाव्या नंबरचा खेळाडू, दोघांची किंमत एकच: रोस्टरवरची, म्हणजे संघाच्या यादीतली, एक जागा. आणि जागा मोजक्याच असतात. आमच्याकडे २६ जणांची मर्यादा आहे, दर रविवारी गुण मिळतात ते १० जणांचे. बाकावरच्या चार बऱ्या खेळाडूंची बेरीज करून एक उत्तम खेळाडू होत नाही.

रॅम्सचं २०१२ चं उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी त्यांना पहिल्या फेरीचे तीन पिक दिले आणि दुसऱ्या फेरीचा एक. २०१४ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले, तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला त्या सौद्यातून मिळालेले सहा खेळाडू कर्णधार म्हणून पाठवले आणि सामना २४-० असा जिंकला. त्या दिवशी सौदा कोणाला फळला याबद्दल शंका उरली नव्हती. तरीही त्या वर्षांत रॅम्सचा एकही मोसम जिंकलेल्या सामन्यांच्या बाजूने झुकला नाही. वॉशिंग्टनकडून आलेल्या २०१४ च्या दुसऱ्या पिकवर त्यांनी ग्रेग रॉबिन्सन घेतला, तो टिकला नाही. त्याच फेरीत स्वतःच्या तेराव्या पिकवर घेतलेला ॲरन डोनाल्ड मात्र संघाचा चेहरा झाला.

आता माझं २०२३. दुसरा पिक दिला तो जामीर गिब्ससाठी गेला. मला सहाव्यावर झे फ्लॉवर्स मिळाला, दुसऱ्या फेरीत रशी राइस आणि जोनाथन मिंगो. कागदावर बघाल तर सौदा वाईट नव्हता. फ्लॉवर्स आणि राइस दोघंही पहिल्या वर्षापासून उपयोगी पडले. मिंगोला वर्षभरात एकही टचडाउन (अमेरिकन फुटबॉलमधला गोल म्हणावा असा) मिळाला नाही, पण दुसऱ्या फेरीत असं होतंच.

मला जे खटकलं ते ऑगस्टमध्ये. मोसम सुरू होण्याआधी रोस्टर मर्यादेत आणावं लागतं, आणि मी वर होतो. ॲपवर माझ्या संघाच्या नावाखाली लाल पट्टी, ती जाईपर्यंत लाइनअप लावता येत नाही. टॅक्सी स्क्वाडच्या, म्हणजे नवख्यांना मर्यादेबाहेर राखून ठेवण्याच्या, तिन्ही जागा भरलेल्या. नवीन आलेल्या रूकींना तर कापता येत नाही, नुकतीच त्यांची किंमत मोजलेली असते. मग कुऱ्हाड कोणावर पडते? दुसऱ्या वर्षाच्या, अजून संधी न मिळालेल्या पोरांवर. माझ्याकडे रॅम्सचा काइरन विल्यम्स होता, तेव्हा कॅम एकर्सच्या मागे उभा असलेला. त्या घटकेला कोणीही त्यालाच सोडलं असतं. पहिल्याच सामन्यात त्याने दोन टचडाउन केले, आणि मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर १२ सामन्यांत १,१४४ यार्ड होते. तोवर तो दुसऱ्याच्या संघात होता.

एकच खेळाडू हातचा गेला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण ही कटकट जास्तीच्या पिकमध्ये अंगभूतच आहे. दोन पिक वाढले की दोन माणसं कापायची, म्हणजे आलेल्या दोघांच्या किमतीतून गेलेल्या दोघांची किंमत वजा करायला हवी. ट्रेड मोजणारी बरीचशी कोष्टकं ही वजाबाकी करत नाहीत. समोरचा गडीही ती करून दाखवत नाही, कारण तो तीन पिक देऊन एकच घेतो आणि त्याच्याकडे जागा मोकळी होते.

२०२४ मध्ये जवळजवळ तसाच प्रस्ताव आला, आणि मी नम्रपणे नको म्हटलं. मार्विन हॅरिसन पहिला गेला, मी मलिक नेबर्स घेतला. १०९ झेल, १,२०४ यार्ड. एक माणूस आला, एकच जागा गेली, ऑगस्टमध्ये कोणाला कापावं लागलं नाही. त्याच वर्षी ब्रायन थॉमस आणि लॅड मॅकॉन्की आमच्याकडे बरेच खाली मिळाले आणि दोघंही हजार यार्डांच्या वर गेले, तेव्हा खाली उतरणाऱ्याचंही वाईट झालं नसतं हे खरं. आणि सगळी भिस्त एकावर ठेवण्याचा धोकाही खराच आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नेबर्सचा गुडघा गेला आणि माझा मोसम तिथेच डळमळला. पण तेव्हाही तो जखमींच्या यादीत गेला, जी २६ मध्ये धरत नाहीत. जागा मोकळी झाली, तिथे दुसरा घेता आला. खालच्या फेरीचा, धडधाकट पण खेळायला न मिळणारा रूकी मात्र जागा अडवून बसतो.

अर्थात तुमचा संघ अगदी रिकामा असेल, निम्मं रोस्टर तसंही बदलायचं असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. खुशाल उतरा. दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू) खेळवणाऱ्या लीगचं गणितही वेगळं आहे. तिथे दुसऱ्या पिकवर क्वार्टरबॅक मिळत असेल तर मी प्रस्ताव वाचायचाही नाही.

बाकीच्यांनी एक करून बघावं. समोरच्याला सांगा, दुसऱ्या फेरीतले ते दोन पिक तुझ्याकडेच ठेव, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा दे. त्या पिकला आज रोस्टरवर जागा लागत नाही, आणि समोरचा संघ कोसळला तर तो थेट वर येतो. २०२३ मध्ये बेअर्सनी पहिला पिक पँथर्सना दिला तेव्हा घेतलेल्या गोष्टींत पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक होता. पँथर्स तळाला गेले, तोच पिक पहिला झाला आणि बेअर्सना केलेब विल्यम्स मिळाला. असं देणारा भेटला, आणि दोन ते सहामधले खेळाडू तुम्हाला खरोखर एका तोलाचे वाटत असतील, तर मीही उतरेन. आमच्या लीगमध्ये मात्र हे मागितलं की बहुतेक जण गप्प होतात. तसं झालं तर पिक ठेवा आणि मे महिन्यात तुमच्या यादीत जो सर्वांत वर असेल त्याला घ्या.