घोड्यांची नोंदवही, चौदा महिने वापरल्यावर: काय टिकलं, काय पुसलं गेलं

आधी वस्तू काय आहे ते. दोन क्वायरचं, जाड पुठ्ठ्याचं, शिवलेल्या बांधणीचं साधं फुलस्केप रजिस्टर. सोबत निळं आणि लाल बॉलपेन, एक पेन्सिल, शिंप्याची टेप आणि कागदी पाकिटं. सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आत. वापर दोन कामांसाठी केला. पागेत आज उभी असलेली पाच जनावरं, आणि आजवर येऊन गेलेले सगळे घोडे, ज्यांची नावं आठवतात पण कोणता कधी आला आणि कुठे गेला यावर घरात दोन मतं असतात. पहिल्या कामाला वही उत्तम ठरली. दुसऱ्या कामाला ती चालते, पण भरायची पद्धत वेगळी ठेवावी लागते. ती नीट ठेवली नाही तर वहीत खोट्या आठवणी पक्क्या होतात.

मोबाइलचं ॲप का नाही, हा प्रश्न येणारच. खरारा करून झाल्यावर हात तेलकट आणि केसाळ असतात, नालबंदाला घाई असते, आणि "नंतर भरू" म्हटलेली नोंद भरली जात नाही. वही दावणीजवळ खिळ्याला टांगलेली असली की दोन ओळी उभ्याउभ्या लिहून होतात. मोबाइल फक्त फोटोला.

प्रत्येक घोड्याला समोरासमोरची दोन पानं. डावं पान ओळखीचं, ते एकदाच भरायचं. उजवं पान चालू नोंदींचं. ते भरलं की वहीच्या मागच्या भागात नवं पान काढायचं आणि त्याचा क्रमांक डाव्या पानावर वर लिहायचा. सुटी पानं घालता येतील अशी फाइल आधी वापरून पाहिली होती. पानं भोकापाशी फाटतात आणि फाटलेलं पान नेमकं गेलेल्या घोड्याचं असतं, कारण ते कोणी उघडत नाही. बांधीव वहीच घ्या.

ओळखीच्या पानावर सगळ्यात जास्त चूक रंगात होते. "पांढरा" असं लिहून काहीच कळत नाही. नुकरा जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी. सब्जा जन्मताना गडद असतो आणि वर्षागणिक उजळत जातो, पण त्याची कातडी काळीच राहते. आठ-दहा वर्षांचा सब्जा लांबून नुकऱ्यासारखा दिसतो. फरक पाहायचा तर नाकपुडीभोवतीची आणि डोळ्याभोवतीची कातडी पाहायची, नाहीतर मानेवर ओला हात फिरवायचा, खालचा रंग लगेच दिसतो. म्हणून रंगाच्या रकान्यात रंग, कातडी आणि पाहिल्याची तारीख अशा तिन्ही गोष्टी हव्यात. शिंगराच्या बाबतीत तर तीन-चार महिन्यांनी पहिली लव झडल्यावर रंग पुन्हा लिहा. डोळ्याभोवती करडी कडी दिसायला लागली की ते पुढे सब्जा होणार हे धरून चाला. कुमैत, मुश्की, सुरंग, अबलख हे रंगांचे शब्द नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चालतात तसेच लिहिले, पण एकाच छटेला दोन व्यापारी दोन नावं देतात. त्यामुळे शेपटी, आयाळ आणि गुडघ्याखालचा पाय यांचा रंग वेगळा लिहिलेला बरा.

रंग बदलतो, अंगावरचे केसांचे भोवरे बदलत नाहीत. चौदा महिन्यांतली सगळ्यात कामाची नोंद हीच निघाली. कपाळावर भोवरा एक की दोन, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना कुठे, छातीवर, कुशीत. बाजारात भोवऱ्यांकडे शुभाशुभ म्हणून पाहतात. गळ्याखालच्या देवमनाला किंमत वाढते, डोळ्याखालच्या आसूढाळाला पडते. त्यावर विश्वास असो वा नसो, त्या निमित्ताने विकणारा भोवरे स्वतः दाखवतो, तेवढं घ्या. वहीत घोड्याची डावी, उजवी, समोरची आणि मागची अशी चार रेखाचित्रं काढा. चित्रकला येत नसेल तर फोटोवर पातळ कागद ठेवून गिरवा. पांढऱ्या खुणा लाल शाईने, भोवरे काळ्या फुलीने. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय पासपोर्टावर हीच रीत आहे, आणि ती चांगली आहे, कारण दोन्ही खुणा एकमेकींत मिसळत नाहीत. पायाचा पांढरा भाग मोजायच्या आधी पाय ओला करा. नुसतं "पंचकल्याणी" (चारही पाय आणि चेहऱ्यावर पांढरं) लिहून थांबू नका, चारही पायांत पांढरा कुठवर चढला आहे ते लिहा. एका पायाचा खुराजवळ संपतो, दुसऱ्याचा थेट गुडघ्यापर्यंत जातो, आणि ओळख पटते ती त्या फरकावरून.

पायाच्या आतल्या अंगाला जो टणक, शिंगासारखा चट्टा असतो त्याचा आकार प्रत्येक घोड्यात निराळा असतो. त्याचा जवळून एक फोटो काढून ठेवा. आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर नाव आणि तारीख घाला. पुढे वंशावळीची डीएनए तपासणी करायची झाली तर मुळं लागतात, कापलेले केस चालत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाल तर ओल धरून नमुना खराब होईल. चिप बसवलेली असेल तर तिचे पंधराही आकडे लिहा, आणि लिहिल्यावर दुसऱ्याकडून वाचून घ्या.

वयाचा रकाना दोन भागांत करा: विकणाऱ्याने सांगितलेलं आणि दातांवरून दिसलेलं. समोरचे मधले पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. इथवर फारशी फसगत होत नाही. पुढे खालच्या दातांवरचे खळगे मधल्यांचे सहाव्या, शेजारच्यांचे सातव्या, कडेच्यांचे आठव्या वर्षाच्या सुमारास झिजून जातात. दहाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी खोबण दिसू लागते, पंधराला ती निम्म्यावर येते, विसाला पूर्ण दात भरते. आठनंतरचा आकडा अंदाजच समजा आणि वहीत "सुमारे" लिहा. खळगे कोरून वय कमी दाखवायची खोड जुनी आहे. कोरलेल्या खळग्याभोवती नैसर्गिक पांढरी कड नसते.

उंची सपाट फरशीवर, मान साधी असताना, खांद्याच्या उंचवट्यावर. इंचात लिहिली तरी चालेल, फक्त नाल असताना मोजली की नाल काढून, हे लिहा. वजनासाठी काटा कोणाकडे असतो? टेपवर काम होतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर सुमारे २९३ किलो. घेरात तीन सेंटिमीटरची चूक झाली तर आकडा अकरा-बारा किलोंनी सरकतो, म्हणून श्वास सोडल्यावर, तीनदा मोजून मधला आकडा घ्या. जंताच्या औषधाचा डोस याच आकड्यावर ठरतो. पेस्टच्या नळीवर खुणा वजनाच्याच असतात, आणि डोळ्यांनी केलेला अंदाज बहुतेकदा कमी निघतो. दर महिन्याला त्याच दिवशी मोजलं तर उन्हाळ्यात उतरलेलं अंग दिसण्याआधी आकड्यात दिसतं. चंदीही (रोजचा दाणा) डब्याने लिहू नका, किलोने लिहा. डबाभर जई (ओट) आणि डबाभर हरभरा यांच्या वजनात बराच फरक असतो.

आता उजवं पान. इथे रकाने कमी ठेवा: तारीख, काय केलं, कोणी केलं, पुढची तारीख. पहिल्या महिन्यात नऊ रकाने आखले होते, त्यातले पाच कोरेच राहिले.

नालबंदीच्या नोंदीत कोणते पाय, नाल नवा की जुनाच पुन्हा बसवला, आणि खिळे किती, एवढं पुरे. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावा लागतो. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या घोड्याचा नाल त्याच्या कितीतरी आधी झिजतो. नालबंदीनंतर एक-दोन दिवसांत घोडा लंगडला तर आधी खिळा जिवंत भागाजवळ गेला का ते पाहायचं. तारीख वहीत असली की हा विचार लगेच सुचतो. नसली की खांद्याला शेक देण्यात चार दिवस जातात.

धनुर्वाताची लस लिहिताना बॅच क्रमांक आणि मानेची कोणती बाजू तेही लिहा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे खिळा रुतला की पहिला प्रश्न शेवटच्या लशीचा असतो. सुरुवातीचे दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, मग वर्षातून एक. डॉक्टरांची आणि औषधांच्या दुकानाची बिलं वहीत चिकटवली तर सहा-आठ महिन्यांत कोरी होतात, कारण तो उष्णतेने छापणारा कागद असतो. बिल येताच औषध, मात्रा आणि रक्कम हाताने उतरवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल मात्र मूळ स्वरूपात वेगळा जपा, यात्रेच्या ठिकाणी तो मागतात.

तापमानाची नोंद कंटाळवाणी वाटते, पण पावसाळ्याच्या शेवटी तिचं मोल कळतं. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप येतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा येतो. वही नसेल तर डोक्यात "मध्ये जरा सुस्त होता" एवढंच उरतं आणि तीन वेगळे ताप एक होऊन जातात. तारखांसह तीन आकडे समोर असले की डॉक्टर रक्ताची काच तापाच्या दिवशीच घेतात, आणि जंतू सापडण्याची शक्यता त्याच दिवशी जास्त असते. पोटशूळात तर वेळही लिहा: कधी लोळू लागला, लीद शेवटची कधी, कोणतं इंजेक्शन किती वाजता. गडबडीत एकच वेदनाशामक दोघांनी दोनदा देण्याचा धोका खरा आहे.

पहिल्याच पावसाने वहीतले दोष दाखवले. जेल पेनने लिहिलेल्या ओळी दमट हवेत पसरल्या आणि बोट लागताच पुसल्या. बॉलपेन आणि पेन्सिल जशीच्या तशी राहिली. पुठ्ठ्याच्या खळीला कसर लागली, एका कोपऱ्यावर उंदराचे दात उमटले. उपाय साधा आहे. रात्री वही पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला टाकून. दर रविवारी भरलेल्या पानांचे फोटो, दोन फोनांवर. फोटोत पानाचा क्रमांक दिसला पाहिजे, नाहीतर नंतर जुळवताना डोकं पिकतं.

राहिलं मागच्या घोड्यांचं काम. इथे एक नियम ठेवल्याशिवाय पान उघडू नका: आठवणीतून आलेलं पेन्सिलीने, कागद किंवा फोटोवरून पटलेलं पेनने. दोन घोडे एकाच रंगाचे, लागोपाठच्या वर्षांतले असले की आठवण त्यांचा एकच घोडा करते. एकाची रवाल (झपाझप, न हिसकणारी) चाल आणि दुसऱ्याची दाताने खुंटी कुरतडायची खोड एकाच नावावर जमा होते. त्यामुळे नावापासून सुरुवात करू नका, वर्षापासून करा. वर्ष बांधायला घरच्या घटनांपेक्षा सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा बऱ्या. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीला घेतलेला घोडा असेल तर पंचांग थेट दिवसच देतं: २०१६ साली दत्तजयंती १३ डिसेंबरला होती, म्हणजे नोटबंदीनंतरची, रोख रकमेची ओढाताण असलेली यात्रा. २०२३ साली ती २६ डिसेंबरला होती. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतला घोडा असेल तर तोच महिना, पण मार्गशीर्ष वद्याकडचा. २००५ चा जुलैमधला पूर, २०२० मध्ये बंद पडलेली लग्नं या आणखी खुणा. "त्या वेळी दावणीला कोण होतं?" असं विचारलं की उत्तर बहुधा बरोबर येतं. "तो कधी होता?" याचं उत्तर बहुधा चुकतं.

पुरावे अनपेक्षित जागी सापडतात. वरातीच्या घोड्यांचे सगळ्यात चांगले फोटो दुसऱ्यांच्या लग्नाच्या अल्बमात असतात, तारखेसह. मात्र वरातीतला घोडा झुलीने झाकलेला असतो, म्हणून चेहऱ्याचा पट्टा आणि पुढचे पाय दिसणारा फोटो शोधा. जुनं खोगीर आणि तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) काढून पाहा. तंगाच्या वादीवर ज्या भोकाशी घडी पडलेली असते, तिथे त्या घोड्याच्या छातीचा घेर उरलेला असतो. नालबंदाला नाव आठवत नाही, पण वाकडा खूर आठवतो. त्याला आकडा विचारू नका, पाय विचारा.

वहीत एक रकाना सुरुवातीला नव्हता आणि तो नसल्याचा त्रास झाला: घोडा पागेतून कसा गेला. विकला, बदलला, मेला की हरवला, तारीख, कोणत्या गावी, आणि सोबत कोणती मोरकी, खोगीर, रिकिबी गेल्या. पाच मेलेल्या घोड्यांच्या पानांवर मृत्यूचं कारण पेन्सिलीनेच राहिलं आहे, कारण त्या वेळी कोणी लिहिलं नाही आणि आता पोटशूळ म्हणणारे दोघे आणि साप म्हणणारा एक असा वाद आहे. नव्या वहीत हा रकाना डाव्या पानाच्या तळाशी, लाल चौकटीत आखला आहे, कोरा.