बीजी-टू कपाशी : यवतमाळच्या कोरडवाहू शेतातला एक हंगाम

जूनमध्ये टोबली, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली. वाणाचं नाव मुद्दाम देत नाही. कृषी केंद्रात डझनावारी नावं असतात, पण आतलं बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा गुण, एकच : 2006 पासूनचं बीजी-टू.

2025 च्या खरिपात 475 ग्रॅमची थैली 901 रुपयांना, एकरी दोन थैल्या. संकरित बी असल्यानं घरची सरकी लावून भागत नाही, दरसाल नवीन घ्यावं लागतं. तरी खरं सांगायचं तर बियाण्यानं कुणी बुडत नाही.

हिरवी अमेरिकन बोंडअळी हंगामभर त्रास द्यायला आली नाही. 2002 मध्ये बीटी येण्याआधी ज्यांनी कपाशी केली, त्यांना विचारा याचं मोल काय ते. गुलाबी बोंडअळीनं मात्र बीटीचं विष केव्हाच पचवलंय. ऑक्टोबरात डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमललेली फुलं) दिसल्या, मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत पतंग अडकू लागले आणि फवारा सुरू. तुडतुडे-फुलकिड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटीचा काही इलाजच नाही, त्यामुळे ‘फवारणी वाचते’ हे अर्धंच खरं. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारताना विषबाधेनं माणसं गेली. तेव्हापासून फवारणीचा गडी जास्त मजुरी मागतो, आणि ती मागायलाच हवी.

खरा पैसा वेचाईत जातो. किलोला 10 ते 12 रुपये, म्हणजे एकरी सहा क्विंटल धरले तर बियाण्याच्या तिपटीहून जास्त. तो पैसा गावातल्याच बायांच्या हातात पडतो, याचं मला वाईट वाटत नाही. पण थैली विकताना हा आकडा कुणी सांगत नाही. शेवटच्या वेच्यात कवडी (किडका, डागी कापूस) इतकी निघाली, की वेचाईही सुटली नाही.

भावाचं तर बोलूच नये. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं आणि खाजगी व्यापारी हमीभावाच्या खालीच बोलत राहिले. हमीभावानं घेणाऱ्या सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) द्यायचा तर मोबाईलवर नोंदणी, शिवाय ओलावा 12 टक्क्यांच्या वर नको. दिवाळीला रोख लागते, तेव्हा कापूस वाळवत कोण बसतो?

पाचपैकी तीन तारे. पुढल्या साली हेच बी घेईन, पण कमी दिवसांचं. फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी वेचे घेणं) अजिबात नाही, आणि तुरीच्या ओळी वाढवणार.