इलियाक धमनीसाठी स्टेंट: फुग्याने उघडणारा, आपोआप उघडणारा की आवरणाचा?

चालताना कुल्ला, मांडी किंवा पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. अँजिओग्राफीत इलियाक धमनी अरुंद दिसते आणि डॉक्टर स्टेंट सुचवतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, सगळ्यात चांगला स्टेंट कोणता? त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: अडथळा नेमका कुठे आहे, किती लांब आहे आणि त्यात कॅल्शियम किती आहे. निवड बहुतांशी यांवरच ठरते.

महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते आणि दोन्ही बाजूंना एकेक सामाईक इलियाक धमनी निघते. ती बरीचशी सरळ, ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि फारशी न हलणारी. पुढे तिच्या दोन शाखा होतात. आतली शाखा ओटीपोटातल्या अवयवांना आणि कुल्ल्याला रक्त पुरवते, बाहेरची पायाकडे जाते. बाहेरची इलियाक ६ ते ८ मिलिमीटरची, वळणदार, आणि मांडी दुमडली की तिचा खालचा भागही वाकतो.

फुग्याने उघडणारा स्टेंट स्टेनलेस स्टीलचा किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो. फुग्यावर घट्ट आवळलेली ही जाळी फुगा फुगवला की उघडते आणि जिथे उघडली तिथेच राहते. कडक, कॅल्शियमने भरलेली भिंत बाहेर रेटायची ताकद तिच्यात जास्त असते आणि ती मिलिमीटरच्या हिशेबाने बसवता येते. म्हणून सामाईक इलियाकच्या तोंडाशी, महाधमनीला लागून असलेल्या अडथळ्यासाठी तिलाच पसंती मिळते. माप धमनीएवढंच घेतात. थोडी लहान वाटली तर मोठ्या फुग्याने जरा आणखी उघडता येते. दोष दोन. बाहेरून दाबली गेली तर चेपलेलीच राहते. आणि खडबडीत, वाकड्या अडथळ्यातून संरक्षणाशिवाय नेताना फुग्यावरून सरकू शकते. म्हणून जाणकार आधी लांब शीथ, म्हणजे धमनीत घालायची पोकळ नळी, अडथळ्यापलीकडे नेतात, त्यातून स्टेंट जागेवर आणतात आणि मगच शीथ मागे घेतात.

आपोआप उघडणारा स्टेंट नायटिनॉलचा, म्हणजे निकेल-टायटॅनियमचा. नळीत कोंडलेला असतो, नळी मागे ओढली की उघडतो. वाकतो, दाबला तरी पूर्ववत होतो, वळणावर धमनीचा आकार घेतो. बाहेरच्या इलियाकसाठी म्हणूनच हा सोयीचा. धमनीपेक्षा १ ते २ मिलिमीटर मोठा निवडतात आणि नंतर आतून फुगा फुगवून भिंतीला नीट चिकटवतात. पण माप लहान निघालं तर तो ठरलेल्या व्यासापलीकडे उघडत नाही. कॅल्शियम फार असेल तर अर्धवट उघडा राहतो. शिवाय सोडताना पुढे उडी मारू शकतो, आणि धमनीच्या तोंडाशी दोन-तीन मिलिमीटरची चूकही महागात पडते.

या दोन साध्या जाळ्यांची थेट तुलना ‘आइस’ या जर्मन चाचणीत झाली. ६६० रुग्ण होते, निकाल २०१७ मध्ये आले. वर्षभरात पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण आपोआप उघडणाऱ्यांत ६.१ टक्के, तर फुग्याने उघडणाऱ्यांत १४.९ टक्के. फरक लक्षणीय आहे, पण त्यामुळे तोंडाशी अचूक बसवण्याची गरज संपत नाही.

तिसरा प्रकार आवरणाचा. जाळीवर पीटीएफई या प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. जाळी फुग्याची किंवा आपोआप उघडणारी, कोणतीही असू शकते. पडद्यामुळे पेशी जाळीच्या छिद्रांतून आत वाढत नाहीत आणि धमनी फाटली असेल तर भोक बंद होतं. ऑस्ट्रेलियातल्या ‘कोबेस्ट’ चाचणीत १२५ रुग्णांच्या १६८ धमन्या होत्या. पाच वर्षांनी आवरणाचे ७४.७ टक्के, तर साधे ६२.५ टक्के मोकळे होते. खरा फायदा दिसला तो ‘टास्क’ या अडथळ्यांच्या वर्गीकरणातल्या सी आणि डी, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या अडथळ्यांत. पुढे फक्त सामाईक इलियाकवर झालेल्या डच ‘डिस्कव्हर’ चाचणीत दोन वर्षांनी लक्षणीय फरक आढळला नाही. छोट्या, साध्या अडथळ्यासाठी ‘आवरणाचाच घाला’ असा आग्रह धरण्याला म्हणूनच फारसा आधार नाही.

आवरणाची किंमत शरीरही मोजतं. साध्या स्टेंटला बहुधा ६ फ्रेंचची शीथ पुरते, याला अनेकदा ७ किंवा ८ (१ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश), त्यामुळे जांघेतलं छिद्र मोठं. पडदा आतल्या इलियाकच्या तोंडावर आला तर ती शाखा बंद होते आणि चालताना कुल्ला दुखू लागतो. पुरुषांत लैंगिक ताठरतेवरही परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या बाजूची आतली शाखा आधीच बंद असेल तर हा धोका वाढतो. हे आधी विचारून घ्यावं.

साधा स्टेंट ठरला तरी योग्य मापाचा आवरणाचा स्टेंट हाताशी आहे का, हेही विचारा. कॅल्शियम असलेली किंवा पूर्ण बंद धमनी फुगवताना फाटू शकते. बाहेरच्या इलियाकमध्ये विशेष जपावं लागतं. फुगवताना पाठीत किंवा ओटीपोटात तीव्र कळ आली तर लगेच सांगावं, ती धोक्याची सूचना असते. धमनी फाटलीच तर फुगा पुन्हा फुगवून रक्त थोपवतात आणि आवरणाचा स्टेंट बसवतात.

महाधमनी जिथे दुभंगते तिथेच अडथळा असेल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्टेंट उघडतात, नाहीतर एकाचा दाब दुसरी बाजू चेपतो. जांघेतल्या फीमोरल धमनीत मात्र स्टेंट शक्यतो टाळतात. तिथे शस्त्रक्रियेने आतला थर काढणं जास्त टिकतं.

निकेलची ॲलर्जी असेल तर नायटिनॉल टाळून प्रश्न सुटत नाही. स्टीलमध्ये आणि स्टेंटच्या कोबाल्ट-क्रोमियममध्येही निकेल असतं. ॲलर्जी आधीच सांगा.

नंतर गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन सहसा कायम आणि क्लोपिडोग्रेल बहुधा १ ते ६ महिने. डॉप्लर आणि घोट्याचा रक्तदाब साधारण १, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. साध्या जाळीत पेशी हळूहळू वाढतात, त्यामुळे चालण्याचं अंतर कमी होत जातं. आवरणाचा स्टेंट कडेशी अरुंद होतो आणि कधी एकदम गुठळीने बंद पडतो. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला किंवा जोरात दुखू लागला तर सकाळची वाट न पाहता आणीबाणी विभागात जावं. तिथे प्रश्न तासांचा असतो.