ओमरॉन एचईएम-७१२०: नोकरी सांभाळून सैन्याच्या मेडिकलची तयारी करणाऱ्यांनी घ्यावं का?

प्रादेशिक सेनेत म्हणजे टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होण्यासाठी अर्ज करणारा उमेदवार मुळातच नोकरी-धंद्यातला असतो. वयाची मर्यादा १८ ते ४२. दिवसभर खुर्ची, रात्रीचे कॉल, महिनाअखेरचं टार्गेट आणि पहाटे पाचला ग्राउंड, असा त्याचा दिनक्रम. धावणं, पुलअप्स जमतात, मुलाखतीची तयारीही होते, पण बीपीकडे बघायचं राहून जातं. ते पहिल्यांदा कळतं थेट मेडिकलच्या टेबलावर. ओमरॉनच्या या बीपी मोजण्याच्या साध्या मशीनचा विचार आम्ही अशाच उमेदवाराला समोर ठेवून केला आहे.

आधी नियम. सेनादलांच्या अधिकारी-प्रवेशाच्या वैद्यकीय निकषांनुसार बीपी सातत्याने १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिलं तर उमेदवार अपात्र ठरतो. इथे ‘सातत्याने’ हा शब्द कळीचा. डॉक्टर समोर दिसले की काहींचं बीपी चढतं. ते तेवढ्यापुरतं आहे की कायमचं, हे ठरवायला २४ तासांचं अँब्युलेटरी मॉनिटरिंग करतात, म्हणजे अंगावर मशीन बांधून दिवसरात्र ठरावीक वेळाने बीपी मोजतात. ते नॉर्मल आलं आणि हृदय, किडनी, डोळे यांच्यावर परिणाम दिसला नाही, तर हृदयरोगतज्ज्ञाच्या तपासणीनंतर उमेदवार पात्र ठरू शकतो. घरच्या नोंदींवर मेडिकल बोर्ड निर्णय देणार नाही. पण आपण नेमके कुठे आहोत, हे तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना तीन महिने आधी कळतं. मशीनची किंमत तिथेच वसूल होते.

मशीन दंडाला कफ, म्हणजे हवेने फुगणारा पट्टा, बांधून मोजायचं आहे, चार डबल-ए सेलवर चालतं. एक बटण दाबलं की फुगतं, सोडतं, आकडे दाखवतं. ठोके अनियमित वाटले तर खूणही येते. कफमधल्या दाबाच्या कंपनांवरून ते माप काढतं. त्यामुळे हात हलला किंवा तुम्ही बोललात की आकडा बिघडतो. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं केव्हाही बरं. स्मार्टवॉचवर दिसणाऱ्या बीपीवर मेडिकलची तयारी करू नये.

खरी अडचण कफची. सोबत येणारा कफ २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. जिममध्ये घाम गाळलेल्या मुलाचा दंड सहज ३४ भरतो. त्यावर हा कफ ओढूनताणून बसवला तर आकडा १० किंवा त्याहूनही जास्त वर दाखवू शकतो. ज्याचं वरचं बीपी खरं १३२ आहे त्याला १४४ दिसतं आणि रात्रीची झोप उडते. म्हणून खरेदीआधी शिंप्याच्या टेपने दंड मोजा: हात सैल सोडून, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. ३२च्या वर असेल तर ३२ ते ४२चा मोठा कफ घ्या आणि तो याच मॉडेलला बसतो याची दुकानात खात्री करा. कफचा मुद्दा दुकानदार आपणहून क्वचितच काढतो, तो तुम्ही काढायचा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, व्यायाम बंद. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको, मोबाइल तर नकोच. कफ उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी कोपराच्या आतल्या बाजूने तळहाताकडे. कफखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. फुलशर्टाची बाही वर गुंडाळून ठेवली की तिचा दंडाला फास बसतो आणि माप चुकतं. त्यापेक्षा शर्टच काढा. टेबल बुटकं असेल तर हाताखाली टॉवेलची घडी द्या, म्हणजे कफ छातीच्या पातळीला येईल. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा सात-आठने चढतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि जो हात जास्त दाखवेल तोच पुढे वापरा. दोन्हींत १०पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मग सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मापांत किमान एक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे वगळा आणि उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरच्या मापासाठी मर्यादा १३५/८५ धरतात, १४०/९० नाही. सगळे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा, मशीनच्या मेमरीवर विसंबू नका. धावून आल्यावर काही तास बीपी नेहमीपेक्षा खाली राहू शकतं. फक्त तेव्हाच मोजून खूश होणारे बरेच असतात, ती फसवी खुशी आहे.

कामाच्या ताणाचा हिशेब करायचा तर मशीन ऑफिसातही न्या. डब्याच्या पिशवीत मावतं, प्लग लागत नाही. घरी रविवारी १२४/७८ आणि मंगळवारी कामाच्या मध्ये, पाच मिनिटं शांत बसूनसुद्धा, १४४/९२ असं वारंवार दिसत असेल तर हे दडलेलं बीपी आहे. दवाखान्यात ते नॉर्मल निघतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी बोर्डाची वाट न बघता स्वतःहून २४ तासांचं मॉनिटरिंग करून घ्यावं.

नाडीचा आकडाही बघा. ६० ते १०० नॉर्मल धरतात. नियमित धावणाऱ्याची नाडी ५४ असू शकते. बोर्ड तज्ज्ञाकडे पाठवू शकतो, पण कारण व्यायामाचं निघालं तर अडत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मेडिकलच्या सकाळी कोणाच्या तरी सांगण्यावरून बीपीची गोळी घेऊ नका. अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, सकाळची गोळी त्या सकाळी फारसं काही करत नाही. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीने नाडी मंदावते, दम लवकर लागतो आणि दमेकऱ्याला ती धोक्याची आहे. आजार लपवून ट्रेनिंगला गेलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. आधीपासून औषध चालू असेल तर ते अचानक बंदही करू नका आणि बोर्डापासून लपवूही नका.

आकडे वर असतील तर आधी रोजच्या गोष्टी तपासा. कॅफिनवाली प्री-वर्कआउट पावडर, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, गुडघेदुखीसाठी रोज घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, जेष्ठमधाचे काढे, जिममध्ये कोणीतरी दिलेली स्टेरॉइड: यातलं काहीही बीपी वाढवू शकतं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. झोप सात तास. रात्रपाळी असेल तर निदान मेडिकलच्या आधीचे काही आठवडे ती बदलून मिळते का बघा. मीठ कमी केल्याचा आणि वजन उतरल्याचा फरक दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात सुरुवात करून भागत नाही. १८०/१२०च्या वर आकडा आला, सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

आमचं मत: दंड ३२च्या आत असेल तर हे मशीन जरूर घ्या, महागड्या ब्लूटूथवाल्या मॉडेलची गरज नाही. दिवसातून दहा-दहा वेळा मोजत बसणाऱ्या चिंताग्रस्त माणसाने मात्र मशीन घरच्यांकडे द्यावं आणि ठरल्या वेळीच मागावं, कारण त्या धास्तीनेही आकडा चढतो. घेतल्यावर ते डॉक्टरांकडे न्या. त्याच हातावर आळीपाळीने त्यांचं आणि आपलं, अशी तीन-तीन मापं घ्या. सरासरीतला फरक पाचच्या आत असेल तर निर्धास्त वापरा, दहाच्या वर गेला तर बिल घेऊन दुकानात जा. हीच तपासणी वर्षातून एकदा करा. सेल उतरले किंवा कफची नळी घडीवर चिरली की मापं बिघडतात. तेव्हा कफ नळी न दुमडता ठेवा आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.