खोडरबर की रेघ?

चूक सुधारायच्या दोन तऱ्हा. एक, खोडरबराने पुसून बरोबर शब्द लिहायचा. वही स्वच्छ दिसते, पण आपण 'दिर्घ' लिहिलं होतं हे मूलही विसरतं. दुसरी, आडवी रेघ मारून शेजारी 'दीर्घ' लिहायचं. पान विद्रूप होतं खरं. (आमच्या बाईंना ते मुळीच खपत नसे.) मला दुसरीच पटते.

शासनाचं शुद्धिपत्रक याच जातीचं: 'अमुकऐवजी तमुक असे वाचावे', म्हणजे जुना शब्दही कागदावर राहतो. संकेतस्थळावरची फाइल गुपचूप बदलली, तर आधीची छापील प्रत हातात असलेला माणूस खोटा ठरतो. सत्याग्रहाची घाई ही आपली 'हिमालयाएवढी चूक', हे गांधींनी १९१९मध्ये नडियादला उघड कबूल केलं. त्यावरून टिंगलही सोसली.