खिशातल्या चाकूला दोरी: गोव्यातला एक पावसाळा वापरल्यावर

घडीच्या चाकूच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक किंवा कडी असते. बरेच लोक ती रिकामी ठेवतात, काहीजण हौसेने तिच्यात रंगीत वीण आणि पितळी मणी अडकवतात. मी मे महिन्यापासून, म्हणजे पाऊस लागायच्या आधीपासून, दिवाळी होऊन गेली तोपर्यंत माझ्या चाकूंवर वेगवेगळ्या दोऱ्या बांधून रोज वापरल्या. फोंडा तालुक्यात आमचं कुळागर आहे. पोफळींवर चढवलेली मिरी, केळी, जायफळ, अननस, या सगळ्यात चाकू सतत लागतो. सुट्टीला खाडीवर गळाने मासे गरवायला जातो, तिथे त्याचं काम वेगळं. एवढ्या वापरानंतर माझं मत ठाम झालंय: खिशात मोकळा राहणाऱ्या चाकूला बोटभर लांबीचा फॉब, म्हणजे कडीत अडकवलेला दोरीचा आखूड गोंडा, हवाच. लॅनयार्ड, म्हणजे चाकू अंगाला बांधून ठेवणारी लांब दोरी, मात्र फक्त पाण्यावर वापरावा, तोही मनगटाऐवजी पट्ट्याला अडकवून आणि ओढ बसली तर तुटेल असा.

आधी फॉबबद्दल. कुळागरात काम करताना माझी हाफ पँट असते आणि तिचे खिसे खोल. चाकू तळाशी जाऊन आडवा बसतो. हात चिखलाने किंवा केळीच्या चिकाने माखलेले असले की अख्खा हात खिशात घालणं नको वाटतं. फॉबचं टोक खिशाबाहेर दोन बोटं आलं की चिमटीत धरून चाकू वर येतो, बाकीचा हात कोरडा असो की ओला. सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला.

दुसरा उपयोग मुठीचा. माझा लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे स्विस चाकू, बंद असताना 91 मिलिमीटर लांब असतो. माझा पंजा मोठा आहे, करंगळीला धरायला काही उरत नाही. फॉबची पहिली गाठ चाकूला अगदी खेटून बांधली की करंगळी तिच्यावर बसते आणि केळीची जाड दांडी कापताना चाकू हातात फिरत नाही. गाठ चाकूपासून दूर असेल तर मात्र हा फायदा शून्य. विकत मिळणारे बरेच फॉब लांब फासाचे असतात, गाठ खाली कुठेतरी लोंबते. म्हणून स्वतः बांधलेला बरा.

तिसरा उपयोग रंगाचा. मिरीच्या वेलाला आधार बांधताना शिडीवरून चाकू खाली पडला आणि मूठ काळी किंवा हिरवी असली, तर पावसाळ्यातल्या पालापाचोळ्यात तो शोधत बसावं लागतं. नारिंगी दोरी लांबून दिसते. लष्करी हिरवा रंग दुकानात छान दिसतो, पण आमच्या कुळागरात तो घेण्यात काही अर्थ नाही. पिवळाही फारसा चालत नाही, पिकून गळलेल्या पानांत मिसळतो. नारिंगी किंवा गडद गुलाबी घ्या.

आता दोरी कुठली. पॅराकॉर्ड म्हणून जी प्रसिद्ध आहे ती 550 नंबरची, म्हणजे 550 पौंडांपर्यंत, साधारण 250 किलोचा ताण सोसणारी. मुळात ती पॅराशूटसाठी. बाहेर विणलेलं नायलॉनचं आवरण आणि आत सात पेड. बाजारात त्याच नावाने हलका माल भरपूर येतो. टोक कापून बघा: आत सात वेगळे पेड दिसले नाहीत आणि नुसता पांढरा भुगा किंवा एकच जाड पेड दिसला, तर ती सजावटीची दोरी आहे. अर्थात 60 ग्रॅमच्या चाकूला 250 किलोची ताकद लागत नाही, त्यामुळे हलकी दोरी तेवढ्याने वाया जात नाही. अडचण वेगळीच आहे. खरी 550 सुमारे 4 मिलिमीटर जाड असते, आणि बहुतेक घडीच्या चाकूंच्या भोकातून ती दुहेरी जातच नाही. आतले पेड ओढून काढले की आवरण चपटं होतं आणि जातं. माझ्या मते गोव्यात तेच जास्त चांगलं. सात पेडांची भरीव दोरी पावसात भिजली की खिशात संध्याकाळपर्यंत ओली राहते, आणि गरवताना कोळंबीच्या आमिषाचा वास तिच्या पोटात जाऊन बसतो. पोकळ आवरण साबणाच्या पाण्यात चुरगाळून धुतलं की पंख्याखाली लवकर सुकतं.

त्याहून चांगली निघाली ती 2 मिलिमीटरच्या आसपासची पॉलिएस्टरची विणलेली दोरी. नायलॉन पाणी पितं आणि ओलं असताना थोडं ताणतं, त्यामुळे गाठी सैल पडतात. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. आषाढ-श्रावणात, घरात कपडेसुद्धा सुकत नाहीत अशा दिवसांत, हा फरक खूप जाणवला. डायनीमाची दोरी अतिशय मजबूत आणि पाण्यावर तरंगणारी, पण इतकी गुळगुळीत की साधी गाठ तिच्यात टिकत नाही. शिवाय ती पॉलिथिलीनची असल्यामुळे सुमारे 150 अंशांनाच वितळते, नायलॉन-पॉलिएस्टरसारखं लायटरने टोक नीट बंद करता येत नाही.

चामड्याबद्दल थेट सांगतो: इथे पावसाळ्यात चामड्याचा फॉब वापरू नका. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर पांढरी बुरशी आली. पुसून, तेल लावून ठेवला तरी पुन्हा आली. उन्हाळ्यात तो हाताला फार छान लागतो, म्हणून मी तो ऑक्टोबरनंतर पुन्हा लावलाय. सुती दोरीचंही तेच, बुरशी आणि कुबट वास. काथ्याचा सुंभ आपल्या मातीतला म्हणून आवडीने बांधून पाहिला, पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. पण एवढ्या बारीक कामाला तो फार टोचरा, आणि खिशात त्याचे तंतू झडत राहतात.

मण्यांवर लोक खूप पैसे घालवतात. पितळेचा मणी सुरेख, पण खाऱ्या हवेत आणि घामात हिरवा पडतो आणि खिशाच्या कापडाला डाग लावतो. धातूचा कुठलाही मणी त्याच खिशात मोबाइल असेल तर काचेला घातक. मला सगळ्यात आवडला तो करवंटीचा: जाड करवंटीचा तुकडा कानसीने गोल केला, मध्ये बारीक भोक पाडलं, खोबरेल चोळलं. हलका, टणक, पाण्याला न घाबरणारा. पण खरं म्हणजे मणी हवाच असं नाही. दुहेरी दोरीची एक डायमंड गाठ घट्ट आवळली की तीच मण्याचं काम करते. दोन वितींची दोरी पुरते. गाठ सावकाश, प्रत्येक पदर आळीपाळीने ओढत आवळायची, आणि टोकं वितळवून बंद करायची. वितळलेलं टोक टोकदार राहू देऊ नका, गरम असतानाच एखाद्या गुळगुळीत धातूवर दाबून चपटं करा, नाहीतर ते तळहाताला बोचत राहतं.

आता मनगटातल्या फासाबद्दल, कारण इथे मला खरी काळजी वाटते. चाकू पडू नये म्हणून हातात अडकवायचा, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण उघडं पातं हातातून सुटलं तर ते पडून दूर जाणंच चांगलं. फासात अडकलेलं पातं झोका घेऊन परत आपल्याच हातावर किंवा मांडीवर येतं. आणि 250 किलोची दोरी कुठे अडकली तर ती तुटत नाही, ओढला जातो तो हात. गवत कापायचं मशीन, होडीचं इंजिन, पंप, फिरणारं काहीही जवळ असेल तर मनगटात फास नकोच. आमच्याकडे नारळ उतरवायला येणाऱ्या पाडेलीने माझा लॅनयार्ड बघून लगेच विचारलं, “बाब, हाताला बांधलंत तर हात मोकळा कसा राहणार?” त्याचा कोयता कमरेच्या मागे आकडीला असतो. लागेल तेव्हा हातात, नाही तेव्हा कमरेला, आणि चढताना दोन्ही हात झाडाला. हत्यार अंगाशी राहावं पण हात बांधला जाऊ नये, हा विचार आपल्याकडे आकडीत कधीपासून आहे.

पाण्यावर मात्र दोरी हवी. मानशीच्या, म्हणजे खाडीच्या बांधावरच्या पाण्याच्या दाराच्या, कठड्यावर किंवा होडीत बसून तंगूस कापताना हात ओले, आमिषाने बुळबुळीत, आणि खाली खाडीचं गढूळ पाणी. तिथे पडलेला चाकू गेलाच. मी लॅनयार्ड मनगटाऐवजी पट्ट्याच्या लूपला अडकवतो, हात पूर्ण लांब केला तर थोडी ढील राहील इतका. त्यात एका जागी मुद्दाम कच्चा दुवा ठेवलाय: दोरीचे दोन तुकडे साध्या शिवणाच्या सुती दोऱ्याच्या दोन फेऱ्यांनी जोडलेले. चाकूचं वजन तो आरामात पेलतो, पण जोराचा हिसका बसला तर तुटतो. तो दोरा स्वस्त आहे, भिजला-कुजला की बदलायचा. मी प्रत्येक वेळी निघण्याआधी ओढून बघतो.

चाकू तरंगावा म्हणून बूच लावणाऱ्यांसाठी: बाटलीचं एक बूच पाण्यात साधारण 15 ग्रॅम वजन तोलतं. लाकडी मुठीचा हलका चाकू त्यावर तरंगू शकतो. स्टीलच्या थरांचा चाकू एका बुचाने बुडतोच, त्याला तीनेक बुचं लागतात, आणि मग तो खिशात मावत नाही. घरच्या बादलीत टाकून बघा, लगेच कळतं.

स्विस चाकूवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोठं पातं उघडलं की कडी मुठीच्या मागे येते आणि फॉब जिथे हवा तिथेच असतो. लहान पातं उघडलं की तीच कडी पुढे येते आणि फॉब कापायच्या वस्तूवर लोंबतो. अशा वेळी फॉब मागे वळवून तळहातात दाबून धरायचा. तो आखूड असेल तरच हे जमतं, म्हणून माझा फॉब करंगळीहून लांब नाही.

मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावर जाताना चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इनच्या सामानात टाका. फॉब किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची सवय असेल तर घरातून निघतानाच तपासा, कारण छोटा चाकू किल्ल्यांत सहज विसरला जातो. कदंब बसमध्ये किंवा देवळात खिशाबाहेर लोंबणारा भडक गोंडा लोकांच्या नजरेत येतो, तिथे मी तो आत खोचतो.

ज्यांच्या चाकूला खिशाची क्लिप आहे त्यांना काढण्यासाठी फॉबची गरज नाही. क्लिपवर चाकू खिशाच्या काठालाच राहतो, आणि फॉब लावला तर तो बाहेर लोंबून स्कूटरच्या हँडलला किंवा खुर्चीच्या हाताला अडकतो. माझ्या क्लिपवाल्या चाकूचा फॉब मी काढून टाकलाय. लाकडी मुठीच्या चाकूवर पॉलिएस्टरचा नारिंगी, स्विसवर पोकळ पॅराकॉर्डचा, करवंटीच्या मण्यासह, कोरड्या दिवसांतला चामड्याचा सोडला तर असे दोनच ठेवलेत. पावसाळाभर वापरून पॅराकॉर्ड कडीपाशी घासून केसाळ झालाय, तो आता बदलायला हवा. पॉलिएस्टरचा अजून एक पावसाळा सहज काढेल.